केबलवरचे वॉट नंतर वाचा, आधी तिची मान बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फोनबरोबर आलेली केबल वर्षभरात गेली. नंतर घेतलेली साधी केबल चार महिन्यांत लूज झाली, विशिष्ट कोनात धरली तरच चार्जिंग सुरू व्हायचं. म्हणून तिसऱ्या वेळी जाड, नायलॉनची वीण असलेली, '१०० वॉट' छापलेली केबल घेतली. ती धडधाकट आहे, पण चार्जर ६७ वॉटचा असूनही फोनवर फास्ट चार्जिंगची खूण येत नाही आणि बॅटरी भरायला दोन तासांच्या वर लागतात. आता टिकेल आणि फास्टही चालेल अशी एक कंपनी सुचवा, असं तुम्ही म्हणताय.

कंपनीचं नाव मी सुचवणार नाही. एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या दोन केबल आतून पार वेगळ्या निघालेल्या मी पाहिल्या आहेत. शिवाय तुम्ही एक प्रश्न विचारलाय असं वाटत असलं तरी ते दोन आहेत, आणि दोन्हींची उत्तरं केबलमध्ये वेगवेगळ्या जागी आहेत. वेग ठरतो आतल्या तांब्यावर, आणि चार्जर, केबल, फोन हे तिघं एकमेकांना ओळखतात की नाही यावर. आयुष्य ठरतं प्लगला लागून असलेल्या इंचभर भागात. त्याला मी मान म्हणते. जाडजूड वीण यातल्या कशाचीच हमी देत नाही, आणि बहुतेक लोक केबल घेताना नेमकी तीच बघतात.

मी बरीच वर्षं मोबाइल दुरुस्तीचं काम करते. 'चार्ज होत नाही' म्हणून फोन आला की मी आधी केबल मागते, फोन नंतर उघडते. मेलेल्या केबल फेकायच्या आधी चिरून बघायची सवय त्यातूनच लागली. खाली जे लिहितेय ते त्या चिरलेल्या केबलींवरून आणि मीटरवर दिसलेल्या आकड्यांवरून.

आधी वेगाचं बघू. तुमची १०० वॉटची केबल खोटी असेलच असं नाही. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. केबलवरचे १०० वॉट हे २० व्होल्ट गुणिले ५ अँपिअर असे आलेले असतात. २० व्होल्ट लॅपटॉप घेतात. ६७ वॉटच्या काही फोन-चार्जरवर बारीक अक्षरांत ११ व्होल्ट, ६.१ अँपिअर असं छापलेलं असतं, ६५ वॉटच्या काहींवर १० व्होल्ट, ६.५ अँपिअर. म्हणजे इथे व्होल्ट कमी आणि अँपिअर जास्त. तुमची केबल ५ अँपिअरची असेल तर ११ व्होल्टला तिच्यातून हिशोबाने ५५ वॉटच जातील, तेसुद्धा चार्जरने तिला मान्य केलं तर. तार तापवतो तो प्रवाह, म्हणून केबल घेताना मी वॉटचा आकडा सोडून देते आणि अँपिअर शोधते.

पण ५५ वॉटसुद्धा मिळत नाहीयेत, याचं कारण ओळख पटत नाही हे असावं. फास्ट चार्जिंगमध्ये चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. मग फोन आणि चार्जर आपापसात बोलून किती व्होल्ट, किती अँपिअर हे ठरवतात. हे बोलणं सगळे एकाच पद्धतीने करत नाहीत. यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, ही सगळ्यांसाठी खुली पद्धत, आणि तिचं बोलणं टाइप-सी प्लगमधल्या सीसी नावाच्या एका स्वतंत्र तारेवरून चालतं. क्वालकॉमच्या क्विक चार्ज २.० आणि ३.० चं बोलणं डेटाच्या दोन तारांवरून होतं. त्यामुळे डेटाच्या ताराच नसलेली, 'फक्त चार्जिंगसाठी' म्हणून विकली जाणारी केबल कितीही जाड असली तरी तिथे हळूच चालते. आणि तिसरी तऱ्हा म्हणजे कंपन्यांची स्वतःची. ओपोची सुपरव्हूक, शाओमीची हायपरचार्ज, विवोची फ्लॅशचार्ज या त्यातल्या. त्यांना जास्त अँपिअर वाहून न्यायचे असतात, म्हणून चार्जरला आधी खात्री हवी असते की समोरची केबल आपलीच, पुरेशा जाड तांब्याची आहे. त्यासाठी त्यांच्या केबलमध्ये जादा पिन किंवा ओळखीची काही सोय असते. ती सापडली नाही की चार्जर मुकाट खालच्या पायरीवर उतरतो. तुमचा फोन दोन तास घेतोय तो बहुधा याच पायरीवर.

इथे एक गोष्ट मला लांबून सांगता येत नाही: तुमचा फोन नक्की कुठल्या पद्धतीचा आहे. ते चार्जरकडे बघून कळेल. चार्जरचं भोक जुन्या चपट्या टाइप-ए चं असेल आणि आकडा ३३ वॉटच्या वरचा असेल, तर जवळजवळ नक्कीच ती कंपनीची स्वतःची पद्धत. अशा वेळी त्याच कंपनीची, त्याच अँपिअरची मूळ केबल घ्या. दुसरा मार्ग शोधण्यात वेळ घालवू नका. चार्जरचं भोक टाइप-सी असेल आणि त्यावर पीडी किंवा पीपीएस (पीडीचाच एक प्रकार) लिहिलेलं असेल, तर तुम्हाला मोकळीक आहे. तिथे कुठल्याही चांगल्या कंपनीची सी-टू-सी, म्हणजे दोन्ही टोकांना टाइप-सी प्लग असलेली, केबल चालते.

सी-टू-सी मध्ये नियम सोपा आहे. नियमाप्रमाणे बनवलेल्या प्रत्येक सी-टू-सी केबलने किमान ३ अँपिअर वाहून न्यायलाच हवेत, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्याहून जास्त, ५ अँपिअर हवे असतील तर केबलच्या प्लगमध्ये एक छोटी चिप लागते. ती चार्जरला सांगते की मी ५ अँपिअरची आहे. चिप नसेल तर चार्जर ३ च्या वर जात नाही. २०२१ मध्ये पीडीची मर्यादा २४० वॉटपर्यंत वाढली, पण ते ४८ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर आहेत. अँपिअर तेवढेच. म्हणून २५-२७ वॉट घेणाऱ्या फोनला ६० वॉटची केबल पुरून उरते, आणि २४० वॉटची लावून तो एक मिनिटही लवकर भरत नाही. फोन हवं तेवढंच ओढतो, केबल काही ढकलत नाही. सॅमसंगच्या ४५ वॉटच्या फोनना मात्र पूर्ण वेगासाठी ५ अँपिअरची केबल लागते. तिथे ३ अँपिअरची लावून 'चार्जर खराब आहे' म्हणणारे बरेच जण माझ्याकडे येतात.

टाइप-सी आली २०१४ मध्ये. आयफोननेही २०२३ मध्ये लाइटनिंग सोडून ती घेतली, आणि युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना ती सक्तीची झाली. भोक सगळीकडे सारखं झालं हे चांगलंच, पण त्यामुळे केबलही सगळ्या सारख्याच असा समज पक्का झालाय, आणि तुमच्यासारखी फसगत त्यातूनच होते.

आता तांबं. केबलच्या अंगावर भिंगाने वाचावं लागेल असं काही छापलेलं असतं, उदाहरणार्थ २८ एडब्ल्यूजी, २४ एडब्ल्यूजी. हा तारेचा नंबर. नंबर जितका लहान तितकी तार जाड. दोन नंबर दिसले तर मोठा नंबर डेटाच्या तारांचा आणि लहान नंबर वीज वाहणाऱ्या तारांचा. २८ नंबरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम असतो. वीज जाते आणि परतही येते, म्हणून एक मीटरच्या केबलमध्ये तो दुप्पट धरायचा. २ अँपिअर गेले की ०.८५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. चार्जरमधून ५ निघाले, फोनपाशी ४.१५ पोचले. फोनला ते कमी वाटतं आणि तो आपलं ओढणं कमी करतो. तीच केबल २४ नंबरची असेल तर नुकसान फक्त ०.३४ व्होल्ट. आणि २८ नंबरमधून ३ अँपिअर न्यायचे म्हटले तर जवळपास ४ वॉट केबल तापवण्यातच जातात. चार्जिंग करताना केबल हाताला कोमट नाही, चक्क गरम लागत असेल तर हेच चाललेलं असतं.

लांबीचाही हिशोब हाच. दोन मीटरच्या केबलला एक मीटरएवढाच नंबर चालत नाही, तार जाड हवी. म्हणून गरज नसेल तर मी एक मीटरच्या पुढे जात नाही.

आणि तांबं म्हणून विकलेलं सगळं तांबं नसतं. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा देतात. ॲल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, आणि वारंवार वाकवल्यावर ते तांब्यापेक्षा लवकर तुटतं. नवी केबल कापून कोणी बघत नाही, पण गेलेली जरूर बघा: तारेतला केसासारखा एक बारीक धागा, म्हणजे एक केस, ब्लेडने खरवडा, आतून पांढरट चंदेरी निघाला तर कळेल. विकत घेताना एवढंच करता येतं की सारख्या लांबीच्या दोन केबल हातात घेऊन वजन बघायचं. तेही वीण आणि प्लगच्या धातूमुळे फसवू शकतं, म्हणून त्यावर फार भिस्त ठेवू नका.

वेगाचं थोडक्यात: आधी चार्जरवरचे अँपिअर आणि पद्धत वाचा, मग त्याला जुळणारी केबल, मग तारेचा नंबर, मग लांबी. वॉटचा मोठा आकडा यात कुठेच येत नाही.

आता टिकाऊपणाकडे येते. माझा खरा जीव यात आहे, कारण केबली फुकट मरतात असं मला रोज दिसतं.

गेल्याच आठवड्यात एक नायलॉनची वीण असलेली केबल आली. बाहेरून नवी कोरी, एक धागा सुटलेला नाही. मी फोनच्या बाजूच्या प्लगपासून दोन इंचांपर्यंत वीण कापली. आत पांढरं आवरण होतं आणि प्लगच्या तोंडाशी त्याला एक बारीक आडवी चीर पडलेली होती. ते आवरण सोलल्यावर लाल तार दिसली, तिच्यावरचं प्लास्टिक त्याच जागी दुमडून चपटं झालेलं. भिंगाखाली तांब्याचे केस मोजले. बहुतेक सगळे तुटलेले, तीन-चार जेमतेम धरून होते, आणि तुटलेल्या टोकांवर हिरवट थर चढायला लागला होता. तिथून एक सेंटिमीटर पुढे तार कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशीच, लखलखीत. मीटरभर केबल चांगली, आणि एवढ्याशा जागेने ती कचऱ्यात गेली. विणीने आतली मोडतोड झाकून ठेवली, इतकंच तिचं काम झालं.

वीण वाईट नाही. टेबलाच्या कडेवर घासणं, खुर्चीच्या चाकाखाली येणं, पिशवीतल्या किल्ल्या यांपासून ती वाचवते. पण मानेपाशी वाकण्याचा ताण ती घेत नाही. तो ताण घेते मानेवरची रबरी बाही. केबल निवडताना मी ती बाही दोन बोटांत धरून हळूच वाकवते. वाक बाहीभर पसरून गोलाकार आला पाहिजे. बाही दगडासारखी कडक असेल तर ती संपते तिथे केबल काटकोनात मोडते, म्हणजे मोडण्याची जागा फक्त पुढे सरकली. फारच मऊ असेल तर वाक थेट प्लगच्या तोंडाशी येतो. बाही लांब, टोकाकडे निमुळती होत गेलेली आणि केबलला चिकटून बसलेली हवी. बाही आणि केबल यांच्यात नखाने फट पडते का तेही बघा. विणीच्या केबलमध्ये वीण प्लगच्या आत घट्ट धरलेली हवी. ओढल्यावर मागे सरकणारी वीण म्हणजे पुढचे सहा महिने मी आत्ताच सांगू शकते.

आवरण पीव्हीसीचं असेल तर ते काळाने कडक होतं आणि थंडीत लवकर तडकतं. टीपीई, म्हणजे रबरासारखं प्लास्टिक, त्यापेक्षा लवचीक राहतं, मळतं मात्र लवकर. सिलिकॉन फार मऊ, गुंडाळायला सुखाचं, पण धारदार कडेला लागलं की फाटतं. यातलं एकच सर्वांत चांगलं असं नाही. पलंगाजवळ रोज वाकणार असेल तर सिलिकॉन, पिशवीत टाकून फिरवायची असेल तर वीण, असं मी सुचवते. खोक्यावर 'तीस हजार वेळा वाकवून तपासलेली' असं असतं. ती तपासणी यंत्रावर, ठरावीक वजन लावून, ठरावीक कोनात होते. आपण केबल तशी वाकवत नाही.

आपण ती कशी वाकवतो? आडवं पडून, फोन छातीवर टेकवून, खालून केबल लावलेली. फोनचं अख्खं वजन प्लगवर येतं आणि मान अंगाशी काटकोनात दाबली जाते, रोज तासभर. टाइप-सीचा जोड दहा हजार वेळा घालण्या-काढण्यासाठी ठरवलेला आहे. दिवसाला तीनदा धरलं तरी नऊ वर्षं. म्हणजे प्लग झिजून केबल जाते हे क्वचितच, ती मानेत मोडूनच जाते. तुमच्या दोन केबली फोनच्या बाजूनेच गेल्या असतील तर चार्जिंगला लावून फोन बघायची सवय तपासा. ती सुटणार नसेल तर फोनच्या बाजूला काटकोनी प्लग असलेली केबल घ्या; ती माने­वरचा वाक जवळपास संपवते. बाकी, काढताना तार ओढू नये, प्लग धरावा. चार्जरभोवती करकचून गुंडाळू नये, मुठीएवढा सैल वेटोळा करावा. एवढं पाळलं तर मध्यम दर्जाची केबलही मी तीन-तीन वर्षं चाललेली पाहिली आहे.

एक शंका मला तुमच्या वर्णनावरून येतेय. दुसरी केबल 'विशिष्ट कोनात धरली तरच' चालायची. हे मान मोडल्याचं लक्षण आहे, पण फोनच्या पोर्टमध्ये खिशातला लोकरीसारखा कचरा दाबून बसल्याचंही हेच लक्षण आहे. प्लग पूर्ण आत गेल्याचा 'टक' जाणवतो का बघा. प्लगचा धातू थोडा बाहेर राहत असेल, तर फोन बंद करून, लाकडी टूथपिकचं टोक बारीक करून, भोकाच्या तळातून हलक्या हाताने कचरा काढा. मधल्या पातळ जिभेला जोर लावू नका, आणि सुई-पिन तर नकोच. किती फोनमधून मी नुसती फेल्टसारखी गादी काढून दिली आहे आणि माणूस नवी केबल न घेता परत गेला आहे. केबल एका बाजूने चालते आणि उलटी लावली की चालत नाही, तेव्हाही मी आधी पोर्टच साफ करते. साध्या केबलमध्ये सीसीची तार एकच असते, त्यामुळे पोर्टच्या एका बाजूची पिन मळली की असं होतं.

प्लगच्या आत उजेडात बघायचीही सवय लावा. एखादी पिन काळी पडलेली दिसली तर ती केबल त्या क्षणी बंद करा. ओलसर पोर्टमध्ये चालू केबल घातली की पिनांवरचा मुलामा खाल्ला जातो, मग तिथे रोध वाढतो, जागा तापते, आणि काळी पिन फोनची पिनही काळी करते. केबलच्या हट्टापायी पोर्ट बदलायची वेळ आलेले फोन माझ्या टेबलावर नेहमीच असतात.

काही प्रकार मी कुणालाच सुचवत नाही. चुंबकाने चिकटणारी टोकं: संपर्काची जागा इवलीशी, तिथे धूळ आणि लोखंडाचा कीस बसतो, आणि फास्ट चार्जिंगचे अँपिअर त्यातूनच जायचे असतात. एका केबलला तीन तोंडं असलेली: सोय म्हणून ठीक, पण त्यावर पीडीची अपेक्षा ठेवू नका. टाइप-सी लांब करणारी जोडकेबल: ती यूएसबीच्या नियमांत बसतच नाही. आणि बिननावाची ए-टू-सी केबल. तिच्यात ५६ किलोओहमचा एक रेझिस्टर, म्हणजे रोध देणारा छोटा भाग, असावा लागतो, जो फोनला सांगतो की पलीकडे जुना पोर्ट आहे, बेताने ओढ. तो चुकीचा असेल तर फोन पलीकडच्या पोर्टला झेपणार नाही इतका प्रवाह मागू शकतो. गूगलचे इंजिनिअर बेन्सन लियुंग यांनी २०१५ पासून अशा केबली विकत घेऊन तपासायला सुरुवात केली होती. २०१६ मध्ये एका केबलने त्यांचा तपासणीचा लॅपटॉपच निकामी केला. तिच्यात रेझिस्टर चुकीचा होताच, शिवाय वीजपुरवठ्याची आणि ग्राउंडची (वीज परत नेणारी) तार उलटी जोडलेली होती.

नवी केबल आणली की परत करायची मुदत आहे तोवर तपासा. बॅटरी २० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान असू द्या, कारण ८० च्या पुढे सगळेच फोन वेग कमी करतात आणि केबलवर उगाच आळ येतो. फोन थंड हवा, स्क्रीन बंद हवी. दहा मिनिटांत किती टक्के वाढले ते लिहा, मग त्याच स्थितीत दुसऱ्या कुणाच्या मूळ केबलने मोजा. मधे लावायचा छोटा यूएसबी मीटर मिळाला तर अजून सोपं, पण काही कंपन्यांच्या स्वतःच्या पद्धती मीटर मधे आला की फास्ट होतच नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. दहा मिनिटांनी मान आणि प्लग हाताने चाचपून बघा. मान हलवून चार्जिंगची खूण जाते-येते का तेही बघा.

चार्जरच्या पाठीवर आऊटपुटपुढे जे आकडे छापले आहेत ते जसेच्या तसे इथे लिहा, आणि भोक ए आहे की सी तेही. मग किती अँपिअरची घ्यायची ते मी नेमकं सांगते. तोवर ती १०० वॉटची केबल फेकू नका. ती सी-टू-सी असेल तर लॅपटॉपला उत्तम चालेल. लूज झालेली आधीची केबल मात्र घरात ठेवू नका. प्लगपाशी कात्रीने कापा आणि ई-कचऱ्यात द्या, नाहीतर घाईच्या वेळी घरातलं कुणीतरी तीच पुन्हा फोनला लावेल.